दोन नावांचं झाड

(इयत्ता चौथीतील एका मुलीचा लेख)



गावात काही चांगलं काम निघालं की मोठी माणसं म्हणतात, "लेकरं काय करणार? लेकरांनी अभ्यास करावा." अभ्यास तर करायचाच आहे. पण लेकरंसुद्धा गावाच्या कामाला येतात. ते काम मध्येच बंद पडू नये म्हणून काय करावं लागतं, ते मी या लेखात सांगणार आहे. आधी बाहेरची उदाहरणं सांगते, मग आपल्या शाळेच्या झाडांच्या वहीविषयी सांगते. ती वही या भित्तिपत्रकाच्या बाजूला खिळ्याला टांगली आहे. लेख वाचून झाला की ती जरूर उघडून बघा.

पहिलं उदाहरण लई लांबचं आहे. जर्मनी देशात फेलिक्स फिंकबाइनर नावाचा एक मुलगा होता. २००७ साली तो नऊ वर्षांचा होता आणि चौथीत शिकत होता. म्हणजे माझ्याच वर्गात म्हणा ना! त्याला वर्गात हवामानावर माहिती सांगायची होती. माहिती शोधताना त्याला वंगारी मथाई या बाईंची गोष्ट सापडली. मग त्याने वर्गात सांगितलं, "प्रत्येक देशातल्या मुलांनी मिळून दहा लाख झाडं लावू या." मार्च २००७ मध्ये त्याच्या शाळेत पहिलं झाड लागलं. दुसऱ्या शाळांतली मुलं त्याला येऊन मिळाली. २०११ साली तो तेरा वर्षांचा असताना संयुक्त राष्ट्रांच्या सभेत बोलला.

आता वंगारी मथाई कोण, ते सांगते. त्या आफ्रिकेतल्या केनिया देशाच्या. तिथं जंगल तुटलं, झरे आटले, बायकांना सरपणासाठी लांब लांब जावं लागे. आपल्याकडच्यासारखंच. १९७७ साली त्यांनी खेड्यातल्या बायकांना घेऊन झाडं लावायला सुरुवात केली. २००४ साली त्यांना शांततेचं नोबेल पारितोषिक मिळालं. मला त्यांची एक गोष्ट फार आवडली. बायकांना रोपामागं थोडे पैसे मिळत, पण ते रोप जगलं तरच. नुसतं लावलं म्हणून नाही. माझी आज्जी शाळेत गेलेली नाही, पण ती पण हेच म्हणते, "लावणं सोपं हाय बाई, जगवणं अवघड."

दुसरं उदाहरण नाशिकचं आहे. गणपती विसर्जनाच्या दिवशी तिथं गोदावरीच्या काठावर कॉलेजची मुलं-मुली उभी राहतात. त्यांच्या संघटनेचं नाव विद्यार्थी कृती समिती, आणि मोहिमेचं नाव 'देव द्या, देवपण घ्या'. ती मुलं लोकांना हात जोडून सांगतात की आरती करा, मूर्ती पाण्याला लावा आणि मग आमच्याकडे द्या. कारण प्लास्टर ऑफ पॅरिसची मूर्ती मातीसारखी पाण्यात विरघळत नाही, आणि तिचा रंग पाणी खराब करतो. तुम्ही म्हणाल, नाशिक कुठं अन् आपण कुठं! पण जी गोदावरी नाशिकला आहे, तीच पुढं वाहत येते आणि आपल्या बीड जिल्ह्याच्या उत्तरेच्या कडेने जाते. वरच्या गावात पाणी चांगलं राहिलं तर खालच्या गावाचं भलं होतं.

तिसरं उदाहरण आपल्या जिल्ह्याचं आहे. बीडजवळ पालवनच्या माळावर सह्याद्री देवराई आहे. सिनेमातले नट सयाजी शिंदे यांनी लोकांना बरोबर घेऊन तिथं झाडं वाढवली. फेब्रुवारी २०२० मध्ये त्या माळावर वृक्षसंमेलन भरलं होतं. संमेलन म्हटलं की अध्यक्ष लागतो. त्या संमेलनाचं अध्यक्ष एक वडाचं झाड होतं. वडाने भाषण केलं नाही, फक्त सावली दिली. आमचे गुरुजी म्हणतात, असा अध्यक्ष सगळीकडे पाहिजे.

आता आपल्या शाळेकडे येऊ.

आमच्या गावाहून परळी जवळ आहे. परळीला वैजनाथाचं ज्योतिर्लिंग आहे, आणि १९७१ पासून वीज तयार करणारं औष्णिक केंद्र आहे. पण आपल्या भागाला पाण्याची मोठी अडचण आहे. माझ्या जन्माच्या आसपासची गोष्ट आज्जी सांगते. २०१५ साली पाऊसच झाला नाही. जुलै महिन्यात पाणी नाही म्हणून वीज केंद्र बंद ठेवावं लागलं. पुढच्या वर्षी, एप्रिल २०१६ मध्ये, शेजारच्या लातूर शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं. पहिल्या गाडीला पाण्याचे दहा डबे होते आणि त्यांत पाच लाख लिटर पाणी होतं. जिथं माणसांसाठी रेल्वेने पाणी येतं, तिथं झाडाला कोण विचारणार?

म्हणून आमचा पहिला नियम असा, की पिण्याचं पाणी झाडाला घालायचं नाही. शाळेत पोषण आहार झाला की सगळी मुलं हात आणि ताटल्या धुतात. ते पाणी आधी नालीत जात होतं. आता आम्ही मोरीखाली बादल्या ठेवतो. आम्ही मोजलं, तर रोज पाच बादल्या भरतात. उष्टं गाळून घ्यायचं आणि ते पाणी झाडांना द्यायचं. त्या पाण्याला साबण नको, म्हणून साबणाचा हात वेगळ्या जागी धुतो.

मी पहिलीत होते तेव्हा शाळेत पावसाळ्यात २४ झाडं लावली. लिंब, करंज, चिंच, बेल आणि सीताफळ. प्रत्येक झाड एका मुलाला वाटून दिलं. हार घातले, फोटो काढले. पुढं मे महिन्यात मोजली, तर ७ उरली होती. १७ गेली.

लोक म्हणाले, जमीन खडकाळ आहे. कोणी म्हणालं, लेकरांना शिस्त नाही. पण तेव्हाच्या चौथीत आमच्या शालेय मंत्रिमंडळाची पर्यावरणमंत्री होती, तिने नुसतं म्हणून सोडलं नाही. तिने फळ्यावर १७ झाडांची यादी केली आणि प्रत्येक झाडापुढं लिहिलं की हे झाड कुणाचं आणि ते मूल तेव्हा कुठं होतं. दोन झाडं शेळ्यांनी खाल्ली होती. दोन झाडांचं कारण कळलं नाही. उरलेली १३ झाडं ज्या मुलांची होती, ती सगळी मुलं आई-वडिलांबरोबर ऊसतोडीला गेलेली होती.

पालकांनो, तुम्हाला हे सांगायला नको. आपल्याकडून दसरा-दिवाळीच्या सुमाराला टोळ्या निघतात. सातारा, सांगली, कोल्हापूर, सोलापूर, नगर, आणि खाली कर्नाटकात सुद्धा. नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, ती फेडायची असते. घरात सांभाळायला कोणी नसलं तर लेकरं पण जातात. पाडव्याच्या पुढंमागं परत येतात. आता बघा, झाडाला पाणी कधी लागतं? पावसाळ्यात लागत नाही. दिवाळीपासून पुढं लागतं. म्हणजे झाडाला जेव्हा गरज, तेव्हाच त्याचा मालक फडात. यात जमिनीचा दोष नाही आणि लेकरांचा तर मुळीच नाही. वाटणीच तशी केली होती.

मग त्या मुलीने उपाय काढला. प्रत्येक झाडाला दोन नावं द्यायची. एक जाणाऱ्याचं, एक राहणाऱ्याचं. गुरुजींनी दोनशे पानी वही आणून दिली आणि एक नियम घातला, की विहिरीकडे कोणी जायचं नाही. बाकी सगळं मुलांनीच ठरवलं.

वहीत एका झाडाला एक पान आहे. वर झाडाचा नंबर आणि नाव. डाव्या रकान्यात जाणारा, उजव्या रकान्यात राहणारा. खाली पाण्याच्या खुणा आणि महिन्याच्या शेवटी उंची, वितीने नाही तर पट्टीने मोजून. जून ते दिवाळी जाणाऱ्याने बघायचं. आळं करायचं, गवत काढायचं, बाभळीच्या फांद्यांचं कुंपण घालायचं. दिवाळीनंतर राहणाऱ्याने पाणी घालायचं. आणि आता खरी गंमत ऐका. मे महिन्यात राहणारी मुलं मामाच्या गावाला जातात. तेव्हा जाणारी मुलं परत आलेली असतात! ती म्हणतात, "जा खुशाल, आता आम्ही हावोत." असं वर्ष पूर्ण भरतं. म्हणून हे कुणी कुणावर केलेले उपकार नाहीत, ही वाटणी आहे. हे नीट समजलं पाहिजे. नाही तर राहणारी मुलं उगीच मोठेपणा करतात आणि जाणाऱ्या मुलांना कमीपणा वाटतो.

पाणी वाचवायच्या दोन युक्त्या पण सांगते. जुनं मातीचं मडकं घ्यायचं, त्याच्या बुडाला लहान भोक पाडून चिंधीची वात घालायची आणि मडकं झाडाशेजारी गळ्यापर्यंत पुरायचं. त्यात पाणी भरलं की ते हळूहळू मुळांना मिळतं आणि उन्हाने उडून जात नाही. तोंडावर झाकण ठेवायचं, नाही तर डास होतात. दुसरी युक्ती, आळ्यात वाळलेला पालापाचोळा किंवा उसाचं पाचट पसरायचं, म्हणजे ओल टिकते. रस्त्याकडच्या झाडांच्या पानांवर राख आणि धूळ बसते. पान म्हणजे झाडाचं स्वयंपाकघर, तिथं उजेड पोचला पाहिजे. म्हणून आठवड्यातून एकदा ओल्या फडक्याने खालची पानं पुसायची. हे काम पहिली-दुसरीच्या मुलांना लई आवडतं.

दोन नावं दिल्यावर काय झालं? मी दुसरीत असताना पुन्हा १७ झाडं लावून २४ केली. मे महिन्यात मोजली, तर २० होती. तिसरीत असताना ४ लावून पुन्हा २४ केली, तर २२ राहिली. जमीन तीच, शाळा तीच, मुलंही तीच. फक्त दुसरा रकाना आखला.

महिन्यातून एकदा गुरुजी मोबाईलवर झाडांचे फोटो काढून टोळीतल्या पालकांना पाठवतात. माझ्या जोडीदारणीचं झाड करंजाचं आहे. ती गेल्या वर्षी कोल्हापूरकडे कोपीत राहत होती. तिच्या वडिलांच्या फोनवरून तिने विचारलं, "माझ्या करंजाला पानं किती?" मी जाऊन मोजली. ४१ होती. मग ती दर वेळी पानंच विचारायला लागली आणि मला मोजावीच लागली. एकदा पुरती शंभर झाली, तर तिने तिकडे फडात सगळ्यांना सांगितलं म्हणे.

आता दुसऱ्या कामाविषयी सांगते. हे काम होळीचं आहे.

महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीची एक मोहीम आहे, 'होळी लहान करा, पोळी दान करा'. बऱ्याच गावांत मुलं घरोघर जाऊन पुरणपोळ्या गोळा करतात आणि गरिबांना नेऊन देतात. लाकडं कमी जळतात आणि भुकेल्याला गोड घास मिळतो. एका कामात दोन कामं.

आमच्या गावात ही गोष्ट कशी बसते, ते बघा. होळी येते मार्चच्या सुमाराला. तेव्हा टोळ्या अजून परत आलेल्या नसतात. गावात किती तरी घरांत एकटी आज्जी नाही तर एकटे आजोबा असतात. लेक-सून फडात. एकट्या म्हाताऱ्या माणसाने पुरण कुणासाठी घालायचं? आम्ही गल्लीगल्लीने फिरून यादी केली. अशी ११ घरं निघाली. अन् आपण मात्र पोळ्या जाळात टाकत होतो!

पण आम्ही कुणाला मोडता घातला नाही. एक आजोबा म्हणाले, "देवाचं देवाला द्यावं, पोरांनो." आम्ही म्हणालो, "होय आजोबा, एक पोळी होळीला द्या, बाकीच्या आमच्या टोपलीत टाका." मग ते हसले आणि त्यांनीच घरातून चार आणून दिल्या. होळीला ओली फांदी तोडायची नाही, पाच गोवऱ्या आणि गावातला वाळका कचरा एवढंच घ्यायचं, असं ठरलं. प्लास्टिक मात्र आधी निवडून काढायचं, कारण त्याचा धूर छातीला वाईट असतो.

पोळी नेऊन देण्याची पण एक रीत आहे. "घ्या, तुम्हाला कोणी नाही म्हणून आणली," असं म्हणायचं नाही. ताटावर स्वच्छ फडकं झाकायचं, आत जाऊन पाया पडायचं आणि म्हणायचं, "आज्जी, होळीची पोळी आणली." थोडा वेळ बसायचं. घागर रिकामी दिसली तर हापशावरून दोघींनी मिळून भरून आणायची. रिकामं ताट परत मागायला दुसऱ्या दिवशी जायचं, म्हणजे पुन्हा एकदा बोलणं होतं. वेशीजवळच्या एका आज्जीने आम्हाला ताटात ओंजळभर चिंचोके परत दिले. म्हणाली, "रिकामं ताट देऊ नये माय." त्यातले आम्ही शाळेत रुजत घातले. यंदाच्या सहा नव्या झाडांत तीन चिंचा आहेत, त्या आज्जीच्या.

ज्यांना आपल्या गावात, आपल्या शाळेत असं काम करायचं आहे, त्यांच्यासाठी आम्हाला कळलेल्या गोष्टी लिहिते.

पहिली गोष्ट, काम लहान धरावं. शंभर झाडं वाळवण्यापेक्षा वीस जगवावीत.

दुसरी गोष्ट, वही ठेवावी. वहीत लिहिलं नाही तर प्रत्येकाला वाटतं की पाणी दुसऱ्याने घातलं असेल.

तिसरी गोष्ट, गेलं ते पण लिहावं. गेलेल्या झाडाची यादी केली म्हणून तर आम्हाला कारण सापडलं. नुसत्या फोटोत ते कारण दिसलं नसतं.

चौथी गोष्ट, कोणी गावाला गेलं, आजारी पडलं, पाचवीत दुसऱ्या शाळेत गेलं, तरी काम थांबू नये. त्यासाठी प्रत्येक कामाला दोन नावं असावीत. आमची पहिली पर्यावरणमंत्री आता दुसऱ्या शाळेत आहे, पण वही चालू आहे.

पाचवी गोष्ट, मोठ्यांची मदत घ्यावी. खड्डे खणायला पहार लागते, ती मोठ्यांनीच धरावी. विहीर, वीज आणि जाळ यांच्याजवळ लेकरांनी एकटं जाऊ नये.

संत गाडगेबाबा गावात आले की आधी हातात खराटा घेऊन गाव झाडत आणि रात्री कीर्तन करत. म्हणजे आधी काम, मग बोलणं. आम्ही पण तीन वर्षं काम केलं आणि आता हा लेख लिहिला.

शेवटी यंदाचं सांगते. २२ झाडं होती, त्यात २ गेलेल्यांच्या जागी आणि ६ नवी, अशी यंदा ३० झाडं आहेत. दिवाळी जवळ आली, टोळ्या निघतील. वहीत २७ पानांवर दोन्ही नावं लिहून झाली आहेत. तीन पानांवर एक नाव कमी आहे. नंबर २६ ची चिंच आणि नंबर २९ चा लिंब, यांना राहणारा पाहिजे.

तिसरं पान माझं आहे. नंबर १४, बेल. दोन वर्षं मी आज्जीजवळ राहिले, म्हणून माझं नाव उजव्या रकान्यात होतं. यंदा आज्जीला कमी दिसायला लागलं आहे. तिला चुलीजवळ एकटीला सोडता येत नाही आणि माझ्या एकटीच्या भरवशावर पण ठेवता येत नाही, असं माय म्हणते. मी राहणार की मायबरोबर जाणार, ते अजून ठरलेलं नाही. म्हणून मी माझं नाव दोन्ही रकान्यांत पेन्सिलीने लिहिलं आहे. पालक बैठकीत गुरुजी हंगामी वसतिगृहाविषयी बोलणार आहेत. माझ्यासारखी पेन्सिलीची नावं अजून किती घरांत आहेत, ते पालकांनी त्या बैठकीत सांगावं, ही माझी विनंती आहे. आपली लेकरं राहिली तर झाडं राहतीलच. पण झाडांसाठी नाही, शाळेसाठी राहावं असं मला वाटतं. दिवाळीनंतर भागाकाराचा मोठा धडा आहे.

आणि मी गेलेच, तर नंबर १४ ला कोणीतरी उजवीकडे नाव लिहा. बेलाला रोज पाणी लागत नाही, एक दिवसाआड एक तांब्या पुरतो. सध्या त्याची उंची ११२ सेंटीमीटर आहे. पेन वहीला सुतळीने बांधलेला आहे.